पाच नंबरचं रीळ

हिरासिंगने मान हलवली तेव्हा मला आधी वाटलं, तो माशी हाकलतोय. स्टेशनरोडवरच्या त्याच्या रेडिओच्या दुकानात चौऱ्याहत्तरच्या मार्चमधली दुपार साचून राहिली होती. काउंटरवर पोट उघडून ठेवलेले ट्रान्झिस्टर, त्यांच्यातून बाहेर लोंबणाऱ्या तांबड्या-पिवळ्या तारा, तारांना कथलाचा डाग देताना उठणारा गोडसर जळका धूर. शाळा सुटल्यावर मी तशीच तिकडे गेले होते, बोटांना खडूची भुकटी घेऊन. यजमानांनी एवढंच सांगितलं होतं की येताना एक कोरं रीळ घेऊन ये, नामाजीबुवा येणार आहेत. साधं काम होतं, कोथिंबीर आण म्हणावं तसं.

"न्हाई भाभी. टेप न्हाई," हिरासिंग म्हणाला.

"कधी येईल?"

"मालूम न्हाई. हैद्राबादला मानूस पाठवला होता, खाली हात वापस आला. अरबांनी तेल बंद केलं म्हणत्यात."

"तेलाचा आणि टेपेचा काय संबंध?"

"तेलातूनच बनती ना ती भाभी. राकेल, टेप, समदं एकाच पोटातलं." त्याने मला शाळेतल्या पोरीला समजावावं तसं समजावलं, मी मास्तरीण असूनही. "एक रीळ होतं. पस्तीसचं. ते वाशिमचा बँडवाला काल पंच्याऐंशी देऊन घेऊन गेला. आता आलं तर शंभराच्या खाली येत न्हाई. शेषरावभाऊला म्हनावं, घरातलं जुनं एखादं पुसा. पुसलेलं रीळ नव्यावानी चालतं, एकदम बराबर. त्याला मागचं काई याद राहत न्हाई."

मी छत्री उघडली आणि रस्त्यावर आले. मला चालता येईना असं काही झालं नाही, मी चांगली चालत होते, रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याला मी दटावलंसुद्धा. पण आत एक गोष्ट हलली होती आणि ती काय आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. ते दुःख नव्हतं. घरात सहा रिळं होती, त्यातलं एक पुसावं लागणार होतं, आणि कोणतं पुसायचं हे मी दुकानाच्या पायरीवरच ठरवून टाकलं होतं. पायरीवरून खाली उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. आणि हलकं वाटत होतं. आज इतक्या वर्षांनी लिहिताना मला त्या रिळाच्या भावाची, त्या तेलाची, त्या अरबांची आठवण येत नाही. त्या हलकेपणाची येते.

हिंगोलीत यजमानांना माईकवाले शेषराव म्हणत. दोन कर्णे, आवाज वाढवायचं एक मशीन, एक तबकडी लावायचा डबा आणि एकोणसत्तर साली नांदेडच्या एका वकिलाकडून जुना घेतलेला टेपरेकॉर्डर, दोन चाकांचा, झाकण लावलं की पेटीसारखा दिसणारा. लग्नं, बारशी, सभा, जयंत्या. माझा शाळेचा पगार आणि त्यांचे कर्णे, असं आमचं घर चाले. रिळांच्या डब्यांवर नंबर मी टाकायचे, माझं अक्षर बरं म्हणून. एक, दोन आणि तीन नंबरात लग्नाची गाणी, चार नंबरात सनई, सहा नंबरात वंदना. पाच नंबरावर नुसता पाच होता. त्याखाली मी काही लिहिलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही, कारण दुसऱ्याच्या पेटीतल्या डब्यावर काय लिहिलंय हे कोण बघतं.

पाच नंबरात माझी आई होती. अनुसयाबाई, डोंगरकड्याची. आईची ओळख एका ओळीत सांगायची तर ती रडायची. आमच्या भागात कोणी गेलं की बाया हेल काढून रडतात, मेलेल्याचे गुण आठवत, नुसतं आई गं बाई गं नाही. पण चार वाक्यांनंतर बहुतेकींचं तेच ते सुरू होतं. आईचं तसं नव्हतं. ती माणसाचा जन्म पहिल्यापासून उभा करायची. कोणत्या साली त्याने विहिरीला दगड लावले, कोणत्या पोळ्याला त्याचा डावा बैल गेला, कोणत्या बहिणीला त्याने नव्या साडीऐवजी जुनं लुगडं फाडून दिलं, आणि त्याची कशी लाज वाटून तो दोन दिवस जेवला नाही. सगळं खरं. ऐकणारे रडायचे थांबून ऐकायचे. धर्मांतराच्या आधीची गोष्ट, वरच्या आळीतल्या मोठ्या घरांतसुद्धा मयत झाली की तिला बोलावणं यायचं. ती अंगणाच्या बाहेर, काट्यांच्या कुपाटीपाशी, धुळीत बसायची. तिथून तिचा आवाज आत जायचा, माजघरात, देवघरात, जिथे तिची सावलीही चालली नसती तिथे. मी लहान होते, तिच्या पदराला धरून बसायचे आणि विचारायचे, तुला हे सगळं ठाऊक कसं? ती म्हणायची, "जिवंत असतानाच ध्यानात ठेवावं लागतं वं. मेल्यावर कोन सांगतं? सगळे चांगलंच सांगतेत." ती बाजारात, पाणवठ्यावर, खळ्यावर माणसांकडे बघायची ते असं, की आता वाटतं, प्रत्येकाला ती आतल्या आत रचून ठेवत होती. तिच्या त्या बघण्याची मला भीती वाटायची. ती माझ्याकडेही तशीच बघायची.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात ती डोळ्याच्या ऑपरेशनला हिंगोलीला आली. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, भिंतीला टेकून बसलेली, आमच्या एका खोलीच्या घरात दिवसभर आवाजांवरून माणसं ओळखत. यजमानांना तिचं फार कौतुक. ते म्हणाले, "आत्याबाई, एक बार रडून दाखवा की. टेपमध्ये घेतो."

"मढं नसताना रडू काय? घरात इघ्न यायचं."

"कोनाचं तरी रडा. मागं कोनी मेलेलं."

"त्याचं रडून झालंय की. दोन-दोन बार काहून रडू? उधारीचं हाय काय?" ती हसली. पट्ट्यांमुळे तिचा चेहरा कळायचा नाही. मग म्हणाली, "माझंच रडते. माझं कोन रडनार हाय? हरिचंद सभेत भाषन करतो, पद्मी साळा शिकवती. दोघांपैकी कोनाला हेल काढता येतो? मी मेले की लावा तुमचं मशीन."

"डॉक्टर रडायचं नाही म्हणालेत," मी म्हटलं.

"ह्याला डोळे लागत न्हाईत. छाती लागती."

यजमानांनी रीळ चढवलं. मी दाराशी पाटावर बसले. आणि आईने स्वतःला हाक मारली. ती हाक मी अजून ऐकते. "माझ्या कष्टाळू बाई गं, अनुसे गं," असं तिने सुरू केलं, दुसऱ्या कुणाला मारावी तशी, समोर प्रेत असावं तशी. नवव्या वर्षी तू निजामाच्या सडकेवर खडी फोडली गं. तुझ्या आईने तुझं नाव मुकादमाला तेरा वर्षांची म्हणून सांगितलं गं, तू टाचा उचलून उभी राहिली गं. मी ऐकत होते. तिचं लग्न झालं, दीर मेला, सासू आंधळी झाली, पहिलं मूल गेलं, दुसरं गेलं, हरिचंद झाला, मी झाले. बाबांना रझाकारांच्या वेळी पळावं लागलं ते. छप्पन साल, पांढरी साडी, ती साडी कोणाकडून आणली होती आणि परत कशी दिली. तिचा आवाज चढतही नव्हता आणि उतरतही नव्हता, पाटाचं पाणी जावं तसा एका पातळीत पुढे सरकत होता, आणि माझ्या लक्षात आलं की ती वर्षांच्या क्रमाने येते आहे. अठ्ठावन येणार. साठ येणार.

साठ साली मी नांदेडला मुलींच्या वसतिगृहात होते. शिकणारी आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. आई मला भेटायला आली, डोंगरकड्याहून काही वाट पायी, काही मोटारीने, फडक्यात भाकरी आणि तिळाची चटणी. फाटकात उभी होती. तिची साडी गुडघ्याला चिखलाने कडक झाली होती. माझ्याबरोबर तिघी जणी होत्या. एकीने विचारलं, "कोण गं ही?" मी म्हटलं, "आमच्या गावची बाई आहे." मी हे काही ठरवून म्हटलं नाही. तोंडातून आलं. आईने ऐकलं. ती लगेच म्हणाली, "व्हय, गावची हाय. हिच्या मायनं भाकरी देली, ती द्याया आले." फडकं माझ्या हातात दिलं. वळली. तेवढंच. पुढे तेरा वर्षांत तिने तो विषय एकदाही काढला नाही, भांडणातसुद्धा नाही, माझ्या लग्नात नाही, माझं मूल पोटातच गेलं तेव्हा माझ्या उशाशी पंधरा दिवस बसली तेव्हा नाही. जी बाई बैलाचा रंग विसरत नाही ती हे विसरली असेल असं मानायला मला जागाच नव्हती. म्हणजे ते तिच्यात होतं. आपल्या जागेवर, साठ सालच्या जागेवर, रचून ठेवलेलं.

तर त्या दुपारी, आई अठ्ठावनपाशी आली आणि मी उठले. आवाज न करता. चपला हातात घेऊन. घराच्या मागे जिथे आम्ही भांडी घासायचो तिथे जाऊन उभी राहिले, लिंबाखाली, आणि कानावर हात ठेवले नाहीत, कारण मला तसं करताना कोणी पाहिलं असतं. पण पत्र्याच्या डब्यातली राख चमच्याने ढवळत राहिले, खरखर, खरखर, बराच वेळ. परत आले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. टेपेचं टोक सुटून भरलेलं चाक फिरत होतं आणि ते टोक दर फेरीला पेटीवर आपटत होतं, फट् फट् फट्. यजमान पंधरा मिनिटांनी आले. आईचं रडणं संपता संपता दारात एक जण सभेच्या माईकचं ठरवायला आला होता, त्याच्याबरोबर ते चौकापर्यंत गेले होते. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रीळ नीट आहे का म्हणून शेवटचा भाग लावून पाहिला, मी शाळेत असताना. संध्याकाळी मला म्हणाले, "शेवटी तुझं नाव हाय बरं त्यात."

"नका सांगू," मी म्हटलं.

"अगं, तसं काई न्हाई, ती नुसतं…"

"नका सांगू म्हटलं ना."

त्यांनी डबा बंद केला. माझा आवाज तसा होता. आई पट्ट्या काढून गावी गेली, पुन्हा दिसायला लागलं म्हणून सगळ्यांचे चेहरे बघत फिरली आणि दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात तापाने गेली. आम्ही पोचलो तेव्हा हरिचंददादाने सगळी व्यवस्था केली होती. बाया ओट्यावर गप्प बसल्या होत्या. दादा म्हणाला, "आपल्यात आता हेल काढून रडायचं न्हाई, पद्मा. ते जुनं गेलं. वंदना घ्यायची, शांततेत." त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. धुळीत बसून दुसऱ्यांची मढी रडणं हे त्याने आपल्या आईच्या वाट्याला पाहिलं होतं. पण चाळीस गावांना जिने रडून पोचवलं ती बाई अशी गेली की पायांचा आवाज ऐकू येत होता. यजमानांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रीळ आनायचं राह्यलं का?" मी म्हटलं, "विसरले." पाच नंबरचा डबा मीच पेटीच्या तळाशी ठेवून आले होते, वर सतरंजी घालून.

आता मार्चमधल्या त्या संध्याकाळी मी यजमानांना हिरासिंगचं सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून कर्ण्याची जाळी पुसत होते. नामाजीबुवांचं प्रकरण असं होतं: कनेरगाव नाक्याचे, जलशात गाणारे, बाबासाहेबांच्या वेळेपासूनचे. त्यांच्या घशात गाठ झाली होती. मुंबईला दाखवलं होतं, उपयोग नव्हता. अजून गाता येत होतं, महिना, दोन महिने. यजमानांची इच्छा होती की त्या आवाजाचं एक रीळ तरी राहावं, चौदा एप्रिलला मंडपात लावता यावं. बुवा परवा येणार होते.

"दोन नंबरचं पुसू," ते म्हणाले. "लग्नाची गानी परत जमा करता येतील."

"लग्नसराई तोंडावर आहे. परत जमा कशावर करणार? टेप कुठे आहे?"

"मंग सनई."

"सनईशिवाय लग्न करतात का?"

जाळीवरचं फडकं थांबलं. त्यांना कळलं होतं. मला ते पाहता येत होतं. पण त्यांनी ते तोंडातून काढलं नाही. मलाच काढायला लावलं, किंवा मीच त्यांना काढू दिलं नाही.

"पाच नंबरचं घ्या," मी म्हटलं.

"पद्मा."

"बुवा जिवंत आहेत. त्यांचा आवाज उद्या राहणार नाही. आईचं रडणं लावणार कोण, कधी? दादा लावू देणार आहे? पेटीत पडून काय उपयोग?" मी शाळेत गणित सोडवून दाखवावं तसं बोलत होते आणि प्रत्येक पायरी बरोबर होती. आजही बरोबर आहे. माझी नात परवा म्हणाली, फोनमधली जागा भरली आजी, काय पुसू सांग. मी तिला म्हटलं, मला विचारू नकोस.

"एक बार आईक तरी," यजमान म्हणाले. "मंग पुसू."

"नको."

"तुझ्या मायचा आवाज हाय तो."

"म्हणूनच."

त्यांनी यावर काही विचारलं नाही. ते माणूसच असे होते की दुसऱ्याची पेटी उघडायची नाही. कधी कधी वाटतं, त्यांनी उघडायला हवी होती.

बुवा ठरल्या दिवशी दुपारी आले. काठीसारखे, गळ्याला मफलर, चैत्राच्या तोंडावर. चहा घेतला नाही, गिळताना तकलीफ होते म्हणाले. पेटी, टाळ, एक ढोलकीवाला. यजमानांनी पाच नंबरचं रीळ चढवलं, टेपेचं टोक रिकाम्या चाकात खोचलं, दोन फेरे दिले. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं काळं, दोन्ही एकदम दाबावी लागायची. चुकून पुसलं जाऊ नये म्हणून बनवणाऱ्याने केलेली सोय. "दाब," ते म्हणाले, कारण त्यांचे हात माईकवर होते. मी दाबली.

नामाजीबुवा गाऊ लागले आणि मी चाकांकडे बघत राहिले. गाणं फार चांगलं होतं असं सगळे म्हणतात, मी ते त्या दिवशी ऐकलंच नाही. डाव्या चाकावरून तपकिरी फीत येत होती, मधल्या पितळी तोंडातून जात होती, उजव्या चाकावर गुंडाळली जात होती, आणि मी मनात म्हणत होते: आता हाक गेली. अनुसे गं, गेली. आता सडकेवरची खडी गेली. टाचा उचलून उभी असलेली नऊ वर्षांची मुलगी गेली. आता सासू आंधळी व्हायची होती ती झालीच नाही. पहिलं मूल गेलं; ते एकदा मेलेलं, आता त्याचं मरणही गेलं. बुवांना मध्ये खोकला आला, ते थांबले नाहीत, खोकला गाण्यात घातला, ढोलकीवाल्याने त्याच्यावर थाप दिली आणि ते हसले. पांढरी साडी गेली. आता ज्या जागेपाशी मी उठून गेले होते ती जागा जवळ येत होती. साठ साल. वसतिगृहाचं फाटक. चाक फिरलं. ती जागा आली आणि गेली, आणि ती नेमकी कुठली होती ते मला कळलंसुद्धा नाही. मी वाट बघत होते की आता सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. तेव्हाच पहिल्यांदा माझ्या मनात आलं की तिथे काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि आता ते कोणालाच ठाऊक असणार नाही.

मग मला आठवलं की एक माणूस आहे. खोलीत आहे. माईक धरून.

बुवांचं शेवटचं गाणं अर्ध्यातच तुटलं. त्यांनी हात वर केला, मफलर तोंडावर दाबला. ढोलकीवाल्याने पाणी आणायला सांगितलं, मी धावले. यजमानांनी मशीन बंद केलं. "थोडी टेप राह्यली," ते म्हणाले, "राहू द्या बुवा, भरपूर झालं." बुवांना रिक्षात घालून ते स्टँडपर्यंत सोडून आले. मी दारातच उभी होते.

"तुम्ही होता ना तिथे. आई रडत होती तेव्हा. सगळं ऐकलंत ना?"

"व्हय. होतो की."

"माझ्या वसतिगृहाचं काय म्हणाली?"

ते विचार करू लागले. खरोखर करू लागले. कपाळावर बोटं टेकवून. "वसतिगृह," ते म्हणाले. "म्हनली असंल काहीतरी. मला ध्यानात न्हाई पद्मा."

"असं कसं ध्यानात नाही?"

"मी सुईकडं बघत होतो," ते म्हणाले. त्या टेपरेकॉर्डरला समोर एक लहानशी काच होती, आत एक सुई हलायची. आवाज फार वाढला की ती तांबड्यात जायची आणि आवाज फाटायचा. "आत्याबाईंचा आवाज असा होता की एकदम चढायचा. मी सारखं बटन फिरवत होतो. शब्दांकडं माझं ध्यानच नव्हतं. म्हनलं, टेपेत हाय ना, कवाबी आइकता येईल."

तिचं रडणं तिच्यासमोर बसून कोणीच ऐकलं नव्हतं. मी मागे राख ढवळत होते, ते सुई बघत होते. ऐकलं ते मशीनने.

उरलेली टेप मी चार दिवसांनी लावली. शाळेला सुट्टी होती, यजमान औंढ्याला लग्नाला गेले होते. बुवांचं तुटलेलं गाणं, खोकला, मग खट्ट आवाज, आणि त्याच्या पलीकडे एकदम आमचीच खोली, गेल्या वर्षीची. रडणं संपलेलं होतं. लांबून मोटारीचा भोंगा. कोणाची तरी शेळी. आईचा श्वास, धापेचा. बराच वेळ नुसता श्वास. मग साधा आवाज, रडण्याचा नव्हे, रोजचा, घसा सुकलेला: "झालं का गं?" पुन्हा श्वास. "पद्मे, पानी दे गं घोटभर." मी गेल्यावरही मी तिथेच बसले आहे असं तिला वाटत होतं. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. "पद्मे. पानी दे ना माय." मग थोड्या वेळाने, हळू, जरा हसत, लहान मुलाची समजूत घालावी तसं, "निजलीस का गं बसल्या बसल्या?" मग चाचपडल्याचा आवाज. काहीतरी भांडं लवंडल्याचा. "पद्मे." मग टेप संपली आणि टोक पेटीवर आपटू लागलं.

हे माझं नाव होतं. ह्याला मी दहा महिने भीत होते.

त्या दिवशी तिला पाणी कोणी दिलं ते मला आठवत नाही. मी आत आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती एवढंच आठवतं. मी तिला विचारलं नाही. नंतर केव्हातरी तिने घेतलं असेल. माणूस तहानेने एका दुपारीत मरत नाही.

यजमान आल्यावर मी सांगितलं की शेवटचा तुकडा पुसायचा नाही. "पन मंडपात लावल्यावर तो वाजंल ना," ते म्हणाले. मी म्हटलं, मी मशीनपाशी बसत जाईन, बुवांचं तुटलं की बंद करीन. कातरीने कापून वेगळा करता आला असता, पण त्या टेपेला कातरी लावायचं माझं धाडस नव्हतं. तर दर वर्षी चौदा एप्रिलला दुपारी, मिरवणुकीच्या आधी, बाया-माणसं मंडपात जमायला लागली की पाच नंबरचं रीळ लागायचं आणि मी खुर्ची ओढून मशीनजवळ बसायचे. बुवा त्याच वर्षी आषाढात गेले. लोक म्हणायचे, बुवांचा आवाज राहिला, शेषरावांनी मोठं काम केलं. खरं होतं. मी बोट बटणावर ठेवून बसायचे. गाणं, खोकला, मफलरमध्ये दबलेला आवाज, आणि मी दाबायचे. पहिल्या वर्षी बरोबर. दुसऱ्या वर्षी बरोबर. तिसऱ्या वर्षी एक श्वास ऐकू आला आणि मी दाबलं.

चौथ्या वर्षी ऊन फार होतं. कर्णे लिंबाच्या झाडाला वर बांधलेले. मंडपाच्या कडेला बाया आपापल्या लेकरांना पदराने वारा घालत बसल्या होत्या. बुवांचं गाणं तुटलं. माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. विसरले नाही, गुंगीत नव्हते, यजमान माझ्याकडे बघत होते आणि त्यांनीही हात पुढे केला नाही. मोटारीचा भोंगा वाजला, चार वर्षांपूर्वीचा, आणि दोन-तीन पोरं रस्त्याकडे बघू लागली. मग आईचा श्वास त्या झाडावरून सगळ्या मंडपावर पसरला. झालं का गं? माणसं बोलायची थांबली. पद्मे, पानी दे गं घोटभर. कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. पद्मे, पानी दे ना माय. मी खुर्चीच्या दांडीला धरून बसले होते आणि मला वाटत होतं की आता सगळे माझ्याकडे बघतील, पण कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे वर बघत होते, कर्ण्यांकडे.

तेवढ्यात बायांमधून एक जण उठली. रूपाबाई, भाजी विकणारी, तिला कमी ऐकू यायचं आणि टेप म्हणजे काय हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. रांजणातून तांब्या भरून ती लोकांना ढकलत, सांडत, सरळ आमच्या टेबलाशी आली.

"कोन म्हातारी पानी मागून राहिली कवाची? बहिरे हायत काय सगळे?"

"ती टेप हाय बाई," यजमान म्हणाले.

"कोनी का असंना. इतल्या उन्हाचं." तिने टेबलाखाली वाकून पाहिलं, झाडामागे पाहिलं. मग मला म्हणाली, "अन् ही पद्मी कोन? माय एवढी बोलवून राहिली तिला, ती मेली कुठं गेली?"

"मी आहे," मी म्हटलं.

तिने तांब्या माझ्या हातात दिला. थंड होता, बाहेरून ओला.

"मंग दे की," रूपाबाई म्हणाली, आणि मी कुणाला देते ते बघायला तिथेच उभी राहिली.